शेतकरी उत्पादक कंपनी उभी करताना: नाशिक जिल्ह्यातल्या नव्या गटांसाठी पायरीपायरीने

शेतकरी उत्पादक कंपनी, म्हणजे शेतकरीच जिचे सभासद आणि मालक असतात अशी कंपनी, नोंदवणं आता अवघड राहिलेलं नाही. कागद जुळले आणि सीए कामाचा मिळाला की प्रमाणपत्र येतं. खरं काम त्यानंतर सुरू होतं, आणि बऱ्याच कंपन्या तिथेच अडतात. फलक लागतो, उद्घाटन होतं, दोन हंगाम कांदा किंवा टोमॅटो फिरतो आणि मग कार्यालयाला कुलूप लागतं. दोष बाजारभावाला दिला जातो, पण आतला हिशोब पाहिला तर बहुतेक वेळा कारण वेगळं निघतं. माल कितीला घ्यायचा हे ठरवणारा, प्रत्यक्ष खरेदी करणारा आणि हिशोब तपासणारा असा सगळा कारभार एकाच माणसाकडे असतो. तो प्रामाणिक असला तरी कंपनी त्याच्या वेळेवर आणि त्याच्या ओळखींवर चालते. तो थकला की कंपनी थांबते.

निफाड, दिंडोरी, चांदवड, येवला, सिन्नर, कळवण, बागलाण या भागांत दहा-वीस जण एकत्र येऊन कंपनीचा विचार करत असतील, तर त्यांच्यासाठी ही मांडणी आहे. यातल्या कायद्याच्या बहुतेक अटी २०१३च्या कंपनी कायद्यातल्या उत्पादक कंपन्यांच्या स्वतंत्र प्रकरणातून घेतल्या आहेत.

१. आधी माल ठरवा, मग माणसं जमवा

कायद्याला किमान दहा उत्पादक शेतकरी पुरतात. म्हणून दहा जवळची माणसं गोळा करून नोंदणी उरकली जाते, आणि नंतर लक्षात येतं की एकाची द्राक्षं आहेत, दुसऱ्याचा कांदा, तिसऱ्याचं दूध. अशा कंपनीकडे कुठल्याच मालाचा गाडीभर साठा होत नाही.

पहिली दोन वर्षं एक पीक धरा, फार तर दोन. मग वही घेऊन गावोगाव बसा आणि प्रत्येक इच्छुकाची चार माहिती लिहून घ्या: पिकाखालचं क्षेत्र, वाण, माल निघण्याचा महिना, आणि सध्या तो कुठे विकतो. कांद्याच्या बाबतीत पाचवी माहिती हवी: चाळ (कांदा साठवायची शेड) आहे का, आणि किती टनांची. लाल कांदा साठवणीत टिकत नाही, उन्हाळ कांदा टिकतो. त्यामुळे चाळ असलेले सभासद किती, यावर तुमची कंपनी वर्षातले किती महिने व्यवहार करू शकेल हे ठरतं.

प्रत्येक गावात पंधरा-वीस जणांचा एक गट आणि त्याचा एक गटप्रमुख ठेवा. निरोप, मालाचा अंदाज आणि वसुली, तिन्ही कामं गटामार्फत झाली तर कार्यालयात दोन माणसं पुरतात.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करा. कंपनीच्या धंद्याशी ज्याच्या धंद्याचा हितसंबंध टकरावतो, त्याला कायद्याने सभासद होता येत नाही. गावात ज्याचं आडत दुकान किंवा खत-औषधांचं दुकान आहे तो बहुधा वजनदार माणूस असतो, पैसा आणि ओळखी त्याच्याकडे असतात, आणि सगळ्यांना तो हवा असतो. कंपनीही तोच धंदा करणार असेल तर त्याला बाहेरच ठेवा. व्यवहार करायचा तर लेखी करार करून करा.

२. नोंदणीची कागदपत्रं

दहाही प्रवर्तकांचे (कंपनी स्थापन करणाऱ्यांचे):

- पॅन आणि आधार (आधारला चालू मोबाइल नंबर जोडलेला हवा)
- पासपोर्ट आकाराचा फोटो, ईमेल
- अलीकडचं बँक स्टेटमेंट, दोन महिन्यांपेक्षा जुनं नको
- सातबारा, किंवा शेतकरी असल्याचा दाखला

कार्यालयाच्या जागेचे:

- ताजं वीजबिल
- जागामालकाचं संमतिपत्र, भाड्याची असल्यास भाडेकरार

बहुतेक अर्ज नावात अडकतात. पॅनवर वडिलांचं नाव मधे, आधारवर आडनाव आधी, सातबाऱ्यावर घरातलं हाक मारायचं नाव, असं असलं की अर्ज परत येतो. अर्ज भरण्याआधी दहाही जणांची नावं एका कागदावर शेजारी शेजारी मांडून तपासा आणि दुरुस्ती आधी करून घ्या.

क्रम असा: डिजिटल सही, मग कंपनीच्या नावाची मान्यता, मग ‘स्पाइस प्लस’ हा कंपनी नोंदणीचा ऑनलाइन फॉर्म. नाव मंजूर झाल्यावर ते २० दिवसच राखून ठेवलं जातं, म्हणून बाकी कागद तयार असल्याशिवाय नावाचा अर्ज टाकू नका. नावाच्या शेवटी ‘प्रोड्युसर कंपनी लिमिटेड’ हे शब्द लागतात. प्रमाणपत्रासोबत कंपनीचा पॅन आणि टॅन (करकपातीसाठीचा क्रमांक) मिळतो. मग बँक खातं उघडून प्रवर्तकांची शेअरची रक्कम त्यात जमा करा आणि १८० दिवसांच्या आत व्यवसाय सुरू केल्याची घोषणा भरा. हा फॉर्म अनेक जण विसरतात.

३. नियमावली वाचल्याशिवाय सही करू नका

सीएकडे नियमावलीचा तयार नमुना असतो. शंभर कंपन्यांना तोच लावलेला असतो, आणि सभासदांपैकी कोणीही तो वाचलेला नसतो. नंतर बदल करायचा तर सर्वसाधारण सभेत विशेष ठराव लागतो, म्हणून एक संध्याकाळ काढा, मराठीत समजून घ्या आणि निदान ही कलमं आपल्या सोयीची करून घ्या.

*सक्रिय सभासद कोण?* नियमावलीत तरतूद असेल तर मतदानाचा हक्क सक्रिय सभासदांपुरता ठेवता येतो. सक्रिय म्हणजे किती, हे तुम्ही ठरवायचं. उदाहरणार्थ, वर्षात विक्रीयोग्य मालाचा निदान चौथा हिस्सा कंपनीला देणारा. हे कलम माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं आहे. ते नसेल तर कधीही माल न घालणारे लोक निवडणुकीच्या दिवशी येतात आणि रोज व्यवहार करणाऱ्यांचं मंडळ बदलून जातात. वैयक्तिक सभासदाला शेअर कितीही असले तरी मत एकच असतं, त्यामुळे पैशाने कंपनी ताब्यात घेता येत नाही, पण नुसत्या गर्दीने घेता येते.

*संचालकांची मुदत.* कायदा एक ते पाच वर्षं म्हणतो. सगळ्यांची मुदत एकाच दिवशी संपेल असं करू नका. दरवर्षी काही जण निवृत्त व्हावेत, म्हणजे जुनी माहिती मंडळात राहते.

*सीईओचे (मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचे) अधिकार* आणि *अंतर्गत लेखापरीक्षण किती महिन्यांनी,* हे दोन्ही आकड्यांत लिहा. ‘गरजेनुसार’ हा शब्द दिसला की खोडा.

शेअर घेतल्यापासून तीन महिन्यांत वारसदाराचं नाव नोंदवायचं असतं. सभासद अर्जातच तो रकाना ठेवा. कुटुंबातल्या बाईच्या नावावर शेअर असेल तर मालाचे पैसे तिच्याच खात्यात जावेत आणि सभेला तिलाच बोलावणं जावं, हेही अर्जावर लिहून घेतलेलं बरं.

४. ठरवणारे, करणारे, तपासणारे

संचालक मंडळ ठरवतं. संचालक किमान ५, कमाल १५ असतात. नव्या कंपनीला ७ किंवा ९ पुरेत. गावांना सांभाळून घ्यायला पंधरा जण घेतले की बैठकीला येतात पाच, आणि निर्णय फोनवर होतात. नोंदणीपासून ९० दिवसांत संचालकांची निवडणूक घ्यायची असते. तोवरचे संचालक तात्पुरते आहेत, हे त्यांनाही माहीत असू द्या. निर्यात, बँकिंग किंवा कायदा जाणणारी माणसं तज्ज्ञ संचालक म्हणून घेता येतात, पण त्यांची संख्या एकूण संचालकांच्या एक-पंचमांशापेक्षा जास्त नको.

सीईओ करतो. पूर्णवेळ सीईओ नेमणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि तो सभासदांमधला असून चालत नाही. ही अट सर्रास कागदावरच पाळली जाते: अध्यक्षाच्या पुतण्याचं नाव लागतं आणि काम अध्यक्षच पाहतो. अट मनापासून पाळा. शेतमालाचा धंदा पहाटेपासून रात्रीपर्यंत चालतो. स्वतःची बाग सांभाळून तो कोणालाही झेपत नाही. सुरुवातीला मोठा पगार परवडत नसेल तर कृषी पदवीधर किंवा बाजार समितीत काम केलेला तरुण घ्या, पगार कमी पण ठरलेल्या तारखेला द्या, आणि विक्रीवर थोडं प्रोत्साहन ठेवा.

दोघांच्या मधली रेष रकमेत आखा. एक नमुना:

- २५,००० रुपयांपर्यंतचा खर्च: सीईओ एकटा
- २ लाखांपर्यंत: सीईओ आणि एक ठरलेला संचालक
- त्यावर: मंडळाचा ठराव
- रोजचा खरेदी दर: तिघांची दर समिती सकाळी कमाल मर्यादा ठरवणार, तिच्या आत सीईओ मोकळा

आकडे तुमच्या उलाढालीप्रमाणे बदला, पण लिहा. दर समितीत ज्याचा स्वतःचा माल त्या दिवशी येणार आहे तो संचालक नको.

तपासणारा सीए बाहेरचा असतो. पहिला वैधानिक लेखापरीक्षक मंडळाने नोंदणीपासून ३० दिवसांत नेमायचा. त्याशिवाय अंतर्गत लेखापरीक्षण सीएकडून करून घेणं उत्पादक कंपनीला सक्तीचं आहे. निदान तिमाहीला एकदा ठेवा, आणि अहवाल अध्यक्षाच्या हातात न देता मंडळाच्या बैठकीत वाचला जाऊ द्या.

५. भांडवल किती लागेल, आधी कागदावर काढा

शेअरची रक्कम ठरवताना ‘शेतकऱ्याला जड जाऊ नये’ एवढाच विचार होतो. पुढचा हिशोब करून पाहा.

समजा एक गाडी २५ टन, म्हणजे २५० क्विंटल कांदा. दर १,५०० रुपये धरला तर मालाचेच ३ लाख ७५ हजार. बारदान, निवडाई, हमाली धरून ४ लाख. आठवड्याला दोन गाड्या जातात आणि घेणारा १५ दिवसांनी पैसे देतो. म्हणजे कायम चार गाड्यांचे १६ लाख रुपये बाहेर अडकलेले. आता ३०० सभासदांनी प्रत्येकी २,००० रुपये दिले असतील तर भांडवल झालं ६ लाख. दीड गाडीत पैसा संपला, आणि तिसऱ्या दिवशी सभासदाला ‘पुढच्या आठवड्यात देतो’ म्हणावं लागलं. बाजार समितीत रोख किंवा दुसऱ्या दिवशी पैसे मिळण्याची सवय असलेला शेतकरी एकदा असं ऐकतो, आणि पुन्हा माल घेऊन येत नाही.

वाटा तीन आहेत. घेणाऱ्याकडून आगाऊ रक्कम घ्या, निदान गाडी भरताना निम्मी. नाहीतर सभासदाला दोन हप्त्यांत पैसे द्या: माल घेताना ठरलेला हिस्सा, उरलेले वसुलीनंतर. किमतीचा काही भाग मागे ठेवून नंतर देण्याची मुभा कायदाच देतो, मात्र ती गोष्ट माल उतरण्याआधी सांगितलेली हवी. तिसरी वाट बँकेचं खेळतं भांडवल, पण त्यासाठी बँक मागचे ताळेबंद मागते. म्हणून पहिलं वर्ष लहान, पण स्वच्छ हिशोबाचं असलेलं फायद्याचं.

प्रत्येक खरेदीदाराची उधारीची मर्यादा ठरवा आणि ती भिंतीवर लावा. द्राक्षाच्या हंगामात बाहेरून आलेला व्यापारी पहिल्या दोन गाड्यांचे पैसे वेळेवर देतो, तिसऱ्या-चौथ्याला उशीर करतो आणि शेवटच्या तीन गाड्यांसह दिसेनासा होतो, हा प्रकार या जिल्ह्याला नवा नाही. मागचे पैसे जमा झाल्याशिवाय मर्यादेबाहेरची गाडी निघणार नाही, हा नियम मोडायचा अधिकार अध्यक्षालाही नको.

६. काट्यापासून हिशोबपट्टीपर्यंत

सभासदाचा विश्वास बसतो तो इथे, आणि उडतोही इथेच.

काट्याची वैधमापन विभागाकडून वेळच्या वेळी पडताळणी करून घ्या आणि प्रमाणपत्र काट्याशेजारी लावा. वजनाची पावती तीन प्रतींत: सभासदाला, हिशोबाला आणि गोदामाला. वजन करणारा, प्रतवारी करणारा आणि पैसे देणारा, या तीन वेगळ्या व्यक्ती असाव्यात. माणसं दोनच असतील तर पैसे देणारा तरी वेगळा हवाच, आणि पैसे बँक खात्यातच द्या.

प्रतवारीचे निकष लेखी आणि मोजता येण्यासारखे ठेवा: कांद्याला मिलिमीटरमधला आकार, गोल्टीची (अगदी लहान कांद्याची) मर्यादा, कोंब आलेला आणि डागी किती चालेल. नमुना सभासदासमोर मोजा. बाजार समितीत व्यापाऱ्याने ‘वांधा’ काढला, म्हणजे मालाच्या प्रतीवर हरकत घेतली, की शेतकऱ्याचा जीव खालीवर होतो. त्या जाचातून सुटायला तो तुमच्याकडे आला आहे. तुमच्याकडे वाद झालाच तर कोण निकाल देणार त्याचं नाव आधी ठरलेलं असावं, आणि तो संचालकाचा भाऊबंद नसावा.

निवडाईतली घट दरात धरायला लोक विसरतात. वरच्याच गाडीत १० टक्के माल बाजूला पडला, तर विकायला उरतात २२५ क्विंटल. गेलेल्या २५ क्विंटलचे ३७,५०० रुपये या २२५ वर पसरले की क्विंटलला सुमारे १६७ रुपये खर्च वाढतो. बाजूला काढलेला माल स्थानिक बाजारात जे देईल ते वजा करा. पण खरेदी दर अधिक पन्नास रुपये नफा असा सौदा केला असेल, तर गाडी निघतानाच तोट्यात गेलेली असते. साठवलेल्या कांद्यात वजनातली घट आणि सड यात आणखी भर घालतात. म्हणून चाळीतला माल दर पंधरवड्याला पाहून नोंद ठेवा.

द्राक्ष निर्यात करायची असेल तर काटा खूप नंतर येतो, आधी फवारणीची वही येते. अपेडाच्या (शेतमाल निर्यातीसाठीच्या केंद्र सरकारी संस्थेच्या) ग्रेपनेट व्यवस्थेत बाग नोंदवलेली लागते आणि औषधांच्या उर्वरित अंशाची तपासणी बागेनुसार होते. एखाद्या सभासदाने शेजाऱ्याचं ऐकून न विचारता एक औषध मारलं, तर त्याची बाग निर्यातीतून जाते आणि कंपनीने कबूल केलेला कंटेनर अपुरा पडतो. छाटणीपासून प्रत्येक फवारणीचं औषध, प्रमाण आणि तारीख लिहिली जाते का, हे पाहायला गावनिहाय एक माणूस ठेवा. त्याचा पगार हा खर्चातला सगळ्यांत शेवटी कापायचा आकडा समजा.

संचालकाचा माल त्याच काट्यावर, त्याच रांगेत आणि त्याच निकषांवर घ्यायचा. कंपनीकडून घेतलेली उचल किंवा कर्ज थकवणाऱ्या संचालकाचं पद कायद्यानेच जातं, हे पहिल्याच बैठकीच्या इतिवृत्तात लिहून ठेवा.

७. उरलेले पैसे

वर्षाअखेर उरलेल्या रकमेतून आधी राखीव निधी. तो दरवर्षी ठेवावाच लागतो. मग शेअरवर मर्यादित परतावा. उरलेलं बोनस म्हणून, आणि तो शेअरच्या नव्हे, व्यवहाराच्या प्रमाणात: ज्याने १०० क्विंटल दिले त्याला ५० देणाऱ्याच्या दुप्पट. यासाठी प्रत्येक सभासदाचं वर्षाचं वजन एका ओळीत निघायला हवं, म्हणून सभासद क्रमांकाशिवाय पावती फाडू नका.

८. मोठं होताना बाहेरचा पैसा

पॅकहाउस, शीतगृह, प्रक्रिया यांना कोट्यवधी लागतात आणि उत्पादक कंपनीचे शेअर बाहेरच्या गुंतवणूकदाराला विकता येत नाहीत. ही भिंत शेतकऱ्यांच्या रक्षणासाठी आहे, ती आडवाटेने पाडू नका. दिंडोरी तालुक्यात मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सने यावर काढलेला मार्ग अभ्यासण्यासारखा आहे. शेतकऱ्यांची उत्पादक कंपनी तशीच ठेवून काढणीनंतरच्या कामांसाठी वेगळी उपकंपनी केली, आणि २०२२ मध्ये त्या उपकंपनीत युरोपातल्या गुंतवणूकदारांचे ३१० कोटी रुपये आले. नव्या कंपनीने लगेच हे करायला जाऊ नये. पण उद्या ही वाट लागणार असेल तर आजचे ताळेबंद, ठराव आणि सभासद नोंदवही बाहेरचा माणूस वाचेल अशी हवीत.

अनुदानातून यंत्र मिळतंय म्हणून यंत्र घेण्याचा मोहही इथेच होतो. प्रतवारीचं यंत्र वर्षातले किती दिवस चालेल, त्याला किती दाबाची वीज लागते, आणि आपला वाटा कुठून आणणार, या तीन प्रश्नांची उत्तरं लेखी नसतील तर प्रस्ताव पुढच्या वर्षावर टाका.

९. सभा आणि वर्षाचं वेळापत्रक

मंडळाची बैठक दर तीन महिन्यांत निदान एक, वर्षात निदान चार, नोटीस सात दिवस आधी. कोरम (बैठक वैध ठरायला लागणारी किमान हजेरी) एकूण संचालकांच्या एक-तृतीयांश, पण तिघांपेक्षा कमी नाही. व्यवहार सुरू असताना महिन्याला एक बैठक घ्या आणि विषयपत्रिकेवर चार कागद कायम ठेवा: बँक शिल्लक, येणं, देणं, गोदामातला माल.

पहिली वार्षिक सर्वसाधारण सभा नोंदणीपासून ९० दिवसांत. त्यानंतर दोन सभांमध्ये १५ महिन्यांपेक्षा जास्त अंतर नको. नोटीस निदान १४ दिवस आधी, आणि कोरम एकूण सभासदांच्या एक-चतुर्थांश. ३०० सभासदांना ७५ माणसं, १,००० सभासदांना २५०. म्हणूनच नुसती संख्या वाढवण्याच्या मागे लागू नये. जे सभेला येत नाहीत त्यांच्या नावाने नंतर घरोघर सह्या फिरवल्या जातात, आणि पुढे वाद झाला की तीच हजेरी वही पुरावा म्हणून कंपनीच्या विरोधात उभी राहते.

तारीख शेतीकडे पाहून काढा. ऑक्टोबर छाटणीच्या धांदलीत किंवा जानेवारी ते मार्च द्राक्षं उतरत असताना दिंडोरी-निफाडचा माणूस येणार नाही. ऑगस्टचा उत्तरार्ध ते सप्टेंबरचे पहिले दोन आठवडे बरे, गणपतीचे दिवस टाळून. त्यासाठी लेखापरीक्षण जुलैअखेर पूर्ण हवं, म्हणजे सीएला कागद मेमध्येच द्यायला हवेत.

सभेनंतर ३० दिवसांत ताळेबंदाचा फॉर्म, ६० दिवसांत वार्षिक विवरणपत्र. उशीर झाला तर प्रत्येक फॉर्मला दिवसाला १०० रुपये, व्यवहार शून्य असला तरी. दोन कंपन्यांमागे एक तरी सीए ‘भरून टाकलंय’ असं फोनवर सांगतो. तेवढ्यावर विसंबू नका, भरल्याची पावती मागून कार्यालयाच्या फाइलला लावा. सलग तीन वर्षं हिशोब सादर झाले नाहीत तर संचालकांना पद सोडावं लागतं, आणि त्यात रोज काट्यावर उभे राहणारेही येतात.